तिसरी प्रत शिराळ्याला

मी एकदा एका दुपारी चारशे बारा माणसं पुसून टाकली. जेवणं आटोपल्यावर बसले आणि चारच्या चहापर्यंत काम फत्ते. हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे मी आमच्या शेजाऱ्यांच्या तऱ्हेवाईकपणाबद्दल बरंच काही सांगणार आहे, आणि ही बाई स्वतः काय दिवे लावत होती असं तुम्ही विचारायच्या आत उत्तर हाताशी असावं.

तेव्हा मी अवघी सदुसष्ट वर्षांची होते. अल्लड वय. आता बहात्तराव्या वर्षी त्या मुलीला समोर बसवून दोन शब्द सुनवावेत असं फार वाटतं, पण तिने ऐकलं नसतं. तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून तिने सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलं होतं आणि ते गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं. सकाळी उदबत्ती ओवाळताना हात जरा तिकडेही जायचा.

कराडात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. खाली स्टुडिओ, वर आम्ही. चाळीस वर्षांत त्यांनी काढलेले अकरा हजारांवर फोटो त्या वेळी माझ्या कॉम्प्युटरमध्ये होते. दिवाळी तोंडावर आली होती. माळा झाला, डबे झाले, पंखे पुसून झाले, तशी मी कॉम्प्युटरकडे वळले. उघडून बघते तर काय, कुणाचे डोळे मिटलेले, कुणी हललेलं, कुणी नेमका जांभई देताना सापडलेला. म्हटलं, ही अडगळ कशाला? एकेक निवडून उडवत गेले. मग कचऱ्याची बादली म्हणून जी असते तीसुद्धा रिकामी केली. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

भीती कशी ती वाटली नाही, कारण कॉम्प्युटरला जोडलेल्या पेटीत एक सोडून दोन डिस्का होत्या. एकीवरचं गेलं तरी दुसरीवर असणारच, असा माझा हिशोब. कोर्समध्ये एवढं शिकवलं होतं. पुढचं शिकवलं त्या दिवशी बहुतेक माझ्या धाकट्या नातीचं बारसं होतं.

चहाचा कप घेऊन मी गॅलरीत आले. शेजारच्या गॅलरीत सुभेदार घोंगडीची घडी घालत होते. त्यांना अभिमानाने सांगितलं की चारशे बारा खराब फोटो काढून टाकले, पेटी हलकी झाली.

"खराब म्हंजी?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, डोळे मिटलेले, हललेले, असले.

त्यांनी घोंगडी तशीच कठड्यावर टाकली. अनवाणी आमच्या घरात आले आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटून हातात धरून उभे राहिले. सुभेदारांना तिथेच उभं राहू दे. घोंगडी अर्धी घडी घालून टाकणं आणि चालू यंत्राची वायर उपटणं, या दोन गोष्टी त्यांच्या हातून घडणं म्हणजे काय, ते कळायला तुम्हाला ते माहीत हवेत.

सुभेदार गणपत खोत, सिग्नल्समधून निवृत्त. मूळचे शिराळ्याकडचे. घरचा ऊस भाऊ बघतो. हे फौजेतून सुटल्यावर कराडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायला लागले आणि आमच्या शेजारची खोली घेऊन राहिले, ते कॉलेजची नोकरी संपली तरी राहिले. एकटा माणूस. खोलीत एक खाट, एक ट्रंक, आणि प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, नंबर, तारीख. बादलीवरसुद्धा.

त्यांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न असायचा. तुम्ही म्हणालात की अमुक गोष्ट जपून ठेवली आहे, की ते म्हणणार, "ठिवलंय म्हनू नगा. काढून दावा." समोरच्या मास्तरांनी एकदा सहज सांगितलं, घराची जादा किल्ली मेहुण्याकडे ठेवली आहे. सुभेदारांनी त्यांना मेहुण्याकडे पाठवून ती आणवली. कुलपाला लागेना. ती मेहुण्याच्याच गोठ्याची निघाली. मास्तर तीन दिवस बोलत नव्हते, पण नवीन किल्ली करून घेतली. माझी थोरली नात सुट्टीत आली होती, कविता पाठ आहे म्हणाली. सुभेदारांनी तिला तिसऱ्या कडव्यापासून सुरू करायला लावलं. पहिल्यापासून कुणीबी म्हनतंय, असं त्यांचं मत.

आमची ओळख अशीच एका काढून दाखवण्यातून झाली. यजमान गेल्यावर मी स्टुडिओ बंद करायच्या विचारात होते. खाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह रचून ठेवलेल्या. एका सकाळी सुभेदार आले आणि खिशातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. आत एक फोटो, घड्यांवर चिरलेला, घामाने आणि पावसाने धुऊन गेलेला. "खुर्ची तेवढी दिसतीया, वैनी. मानूस गेलं," ते म्हणाले.

ते माणूस म्हणजे त्यांची बायको. आमच्या भागात नवीन भरती झालेला पोरगा आधी फोटो काढायचा आणि मगच गाडीत बसायचा. यांच्या घरात ते उलटं झालं. हे सीमेवर होते तेव्हा ती एकटीच एसटीने कराडला आली, आमच्या स्टुडिओत उभी राहिली, फोटो काढला आणि पोस्टाने नवऱ्याला पाठवून दिला. फोटो पोचला त्याच्या पुढच्या महिन्यात तार पोचली. ताप मेंदूत गेला होता. दुसरा फोटो कधी काढलेलाच नव्हता.

यजमानांच्या वहीत नाव, गाव, नंबर असायचा. वही उघडली. नंबर तेहतीसशे अठरा. सुभेदारांनी स्वतःच डब्यातून ती निगेटिव्ह शोधली, खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हाय." बस, एवढंच. मी म्हटलं, प्रत काढून देते. तर म्हणाले, कागदानं मला एकदा फशिवलंय. मग डब्यांकडे बघून म्हणाले, ही सगळीच पलटण जपाय पायजे, एकट्याला काढून न्यायचं बरं न्हवं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला स्वतःचा थर्मास घेऊन हजर. अडीच वर्षं आम्ही दोघं निगेटिव्ह स्कॅन करत होतो. मी फायलींना नावं द्यायची: 'नवीन', 'नवीन खरं', 'नवीन शेवटचं', 'शेवटचं नक्की'. सुभेदारांनी ती सगळी काढून साधे नंबर दिले आणि मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त तो दिवस थर्मासमधला चहा मला विचारला नाही.

डिस्का आणण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. दोन डिस्का एका दुकानातून, एका दिवशी घ्यायच्या नाहीत. "एका बॅचचं जवान एका दिवशी रिटायर व्हत्यात, वैनी. मग पोस्टावर कोन?" म्हणून एक कराडात घेतली, एक साताऱ्याला, एक सांगलीला. प्रत्येक वेळी एसटीने जाऊन, मांडीवर उशी, उशीवर डिस्क, असे परत. नवीन डिस्क आली की आधी तिची भरती. सात दिवस तिच्यावर भरमसाट लिहायचं, वाचायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं, आणि सुभेदारांनी कान लावून ऐकायचं. एक चौथ्या दिवशी खडखडली. ती मेडिकलात नापास म्हणून दुकानात परत गेली. पाच वर्षं चाललेल्या डिस्केला मात्र ते चांगली असतानाच निवृत्त करतात. आमच्या पहिल्या डिस्केला नारळ दिला होता. मी आपलं हसत होते, ते हसत नव्हते.

आणि जोडलेली डिस्क कॉम्प्युटरला न विचारता काढायची नाही. आधी पडद्यावर विचारायचं, आता काढू का. त्याने हो म्हटलं की मग वायर. सुभेदारांच्या भाषेत, सुट्टी मंजूर झाल्याबिगर गेटाबाहेर पडायचं न्हाई. इतक्या वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

एकूण प्रती तीन. दोन पेटीत, आणि पेटी वरच्या मजल्यावर. तिसरी शिराळ्याला, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, हौसाक्कांकडे. मी म्हणायचे, एवढ्या लांब कशाला? ते म्हणायचे, तिथं कृष्णा येत न्हाई. वर्षातून तीनदा, पाडव्याला, नागपंचमीला आणि दिवाळीत, ते नवीन काम बरोबर घेऊन शिराळ्याला जायचे आणि तिसरी प्रत ताजी करून यायचे.

मग महापुराच्या वर्षी खरोखरच कृष्णा आमच्या गल्लीत आली. चार दिवस स्टुडिओत छातीएवढं पाणी होतं. डबे वर न्यायला वेळच मिळाला नाही. पाणी उतरल्यावर निगेटिव्हवरची माणसं बोटाला चिकटून येत होती. मी रडले. सुभेदार फावड्याने गाळ काढत होते. वरची पेटी कोरडी होती, शिराळ्याची तर कोरडी होतीच, पण 'बघा, म्या म्हनलं नव्हतं का' असं त्यांनी त्या दिवशीही म्हटलं नाही आणि पुढेही नाही. म्हणजे आता अकरा हजार माणसं उरली होती ती फक्त डिस्कांवर. आणि त्यातली चारशे बारा मी दिवाळीच्या साफसफाईत काढली होती.

तर सुभेदार वायर हातात धरून उभे आहेत.

"तेहतीसशे अठरा व्हता त्यात?" त्यांनी विचारलं.

मी नंबर बघितलेच नव्हते. त्यांच्या बायकोचा तो फोटोही मी कधी नीट पाहिलेला नव्हता. त्यांनी तो स्वतःच स्कॅन केला होता आणि मी दाखवा म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, पण दुसऱ्या डिस्केवर असेलच की सगळं.

सुभेदार खाली बसले आणि मला शांतपणे समजावून सांगितलं. त्या पेटीतल्या दोन डिस्का म्हणजे माणूस आणि आरसा. एक बिघडली तर दुसरी उभी राहते, पण एकीवर जे कराल ते त्याच क्षणी दुसरीवर होतं. "आरशाफुडं हुबं राहून टिकली काढली, तर आरशातल्या बाईची ऱ्हाती व्हय, वैनी?" एवढं बोलले आणि एकदम थांबले. मी यजमान गेल्यावरही टिकली लावते. गल्लीला त्याची सवय झाली आहे, सुभेदारांना मात्र आपण भलतंच बोललो असं वाटलं असावं. मी आत गेले, खरोखर आरशासमोर उभी राहिले आणि टिकली काढली. आरशातल्या बाईनेही काढली. तीन महिन्यांचा कोर्स, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, आणि हे आता कळत होतं.

बाहेर येऊन म्हटलं, चालू करून निदान आहे का नाही ते तरी बघू. ते म्हणाले, चालू केलं की यंत्र कुठेतरी लिहीत सुटतं, आणि नेमकं पुसलेल्या जागेवर लिहिलं तर मग देव आला तरी निघत नाही. आता कुणी हात लावायचा न्हाई. उद्या शिराळा. मी म्हटलं, मीही येणार. ते नको म्हणाले नाहीत.

तिसरी प्रत ताजी झाली होती नागपंचमीला. मी पुसलं दिवाळीच्या आधी. म्हणजे तिथे सगळं असायला हवं होतं, जर डिस्क धड असेल तर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिराळ्याची एसटी पकडली. सुभेदारांच्या मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपखाली उशी. उसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी रखडत होती. मी बोलायचं म्हणून बोलले, डिस्क तिथे चांगली असेल ना? ते म्हणाले, "बघितल्याबिगर कसं सांगू."

हौसाक्का पंच्याहत्तरीच्या, भावाएवढ्याच ताठ. तिसरी डिस्क कुठे आहे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला देवघरात नेलं. पाटाखालून पत्र्याची पेटी काढली, झाकण उघडलं. डिस्क हळदीने पिवळीधमक झाली होती. मधोमध कुंकवाचं बोट, वर तांदूळ.

सुभेदारांनी बहिणीकडे बघितलं. हौसाक्का म्हणाल्या की नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास असतो. आता भाऊ कराडात, तिकडे एकटा जेवला का नाही कुणाला ठाऊक. त्याची जिवापाड जपायची वस्तू घरात आहे तर तिलाच पुजते. दर वर्षी पुजते. "सणाचं तिला कोरडं कसं ठिवायचं, वैनी, तुमीच सांगा."

मी काय सांगणार. मी आदल्याच दिवशी चारशे बारा माणसं घालवलेली बाई.

वायर लावायच्या भोकात हळद गच्च बसली होती. यंदा नागपंचमीला सुभेदारांनी ती वरून पुसून नेहमीसारखी चालवली होती, पण ते गेल्यावर आक्कांना वाटलं पूजा मोडली, म्हणून त्यांनी परत पुजली, या वेळी जरा सढळ हाताने. सुभेदारांनी विचारलं, बारीक ब्रश हाय का. माझ्या पर्समध्ये होता. आमच्या यजमानांचा, निगेटिव्हवर सुरकुत्या झाकायला वापरायचे तो. ते गेल्यापासून मी त्याने कानशिलावरचे पांढरे केस झाकते. हे कुणाला माहीत नव्हतं. मी ब्रश दिला. सुभेदारांनी त्याच्या टोकाचा काळा रंग बघितला, माझ्या कानशिलाकडे बघितलं नाही. चांगला माणूस.

अर्धा तास ते एकेक कण काढत बसले. आक्का चहा ठेवायला गेल्या. मी पेटीत डोकावले तर डिस्केच्या खाली एक शंभरपानी वही होती. 'तपासणी' असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं. ही वही मला ओळखीची वाटली, कारण कराडला आमच्याकडेही अशीच एक आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुभेदार मला कुठलाही एक नंबर सांगायला लावतात, तो फोटो काढून दाखवतात आणि वहीत लिहितात. त्यात त्यांचा कडक नियम आहे: एकदा काढलेला नंबर परत काढायचा नाही. तोच तोच तपासून काय कळनार, बाकीचं मेलं असलं तर? मी एकदा विसरून तोच नंबर दुसऱ्यांदा सांगितला तर त्यांनी मला नवीन सांगायला लावला होता.

मी शिराळ्याची वही उघडली. सहा वर्षांची पानं. पाडवा, ३३१८, हाय. नागपंचमी, ३३१८, हाय. दिवाळी, ३३१८, हाय. पाडवा, ३३१८, हाय. सगळी वही तशीच. दुसरा एकही नंबर नाही.

चहा घेऊन आलेल्या आक्का म्हणाल्या, त्यो येतोय, एक फोटू उघडतोय, तासभर बसतोय, मिटतोय आन् जातोय. जेव म्हनलं तर एसटी चुकंल म्हनतोय.

मी वही होती तशी ठेवली.

सुभेदारांनी वायर लावली. डिस्क पहिल्यांदा काही बोलली नाही. त्यांनी वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. मग ती घुरघुरली, एकसारखी, भरतीच्या वेळी घुरघुरली होती तशी. पडद्यावर खण उघडला. अकरा हजारांवर नंबर. सुभेदारांनी पहिला कुठला उघडला हे सांगायला नको.

आमच्या स्टुडिओतली ती वेताची खुर्ची. शेजारी नऊवारीतली लहानखुरी बाई, खुर्चीच्या पाठीवर हात, डोक्यावरून पदर. आणि डोळे मिटलेले. गच्च, झोपेतल्यासारखे.

काल दुपारी जेवणानंतर, साधारण तीनच्या सुमारास, मी हिला बघितलं होतं. पडद्यावर बोटाएवढी दिसत होती. एका टिचकीत उडवली होती, आणि लगेच पुढच्या जांभई देणाऱ्याकडे वळले होते.

आक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. मी सुभेदारांना म्हटलं, हा फोटो मी खराब म्हणून काढला होता. मला माफ करा.

त्यांनी सगळे फोटो लॅपटॉपवर उतरवायला लावले, वहीत आजची तारीख घातली, नंबर लिहिला, 'हाय' लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. मग पडद्याकडे बघतच बोलले:

"तुमच्या मालकांनी तवा मला पत्र लिव्हलं व्हतं, वैनी. डोळं मिटल्यात, ब्रशानं उघडं काढून देऊ का म्हनून. म्या नगं कळवलं. माजी रजा सपली आन् म्या ट्रंक उचलली, की ती आशीच डोळं मिटून हुबी ऱ्हायाची. माजी पाठ दिसाय नगं म्हनून. फोटू बराबर आलाय."